बाळंतिणीची झोप

माझी थोरली जाऊ सौदामिनी, आमची अक्का, झोपायला शिकत होती. हे ऐकून कुणालाही हसू येईल. मलाही आलं होतं. आमच्या घरात झोप ही शिकायची गोष्टच नव्हती. उन्हात राबलेलं माणूस आडवं झालं की खलास, कानाशी ढोल बडवला तरी कूस बदलायचं नाही. पण अक्काला झोपायचंही होतं आणि झोपेत शुद्धीवरही राहायचं होतं. मी म्हटलं, "अक्का, एका म्यानात दोन तलवारी कशा मावतील?" ती म्हणाली, "मावल्याच पाहिजेत."

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. अर्थात शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? हदगावच्या पुढं पैनगंगेच्या काठाला आमचं गाव. नदीच्या अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड. उन्हाळ्यात एखादा डोह सोडला तर पाणी गुडघ्याला लागायचं नाही. तेवढ्या पाण्यापलीकडे जो गेला तो वाचला. माझे यजमान गेले होते आणि उमरखेडला बसून निरोपावर निरोप धाडत होते, की बायकांना घेऊन निघा. त्यांचं नाव रेणुकादास. जन्मात कधी तोंडाने घेतलं नाही, पण लिहायला हरकत नाही, लिहिलेलं कुणाच्या कानावर पडत नाही.

फाल्गुनात नदीवरची जकातीची चौकी, करोडगिरीचा नाका, पोरांनी जाळला. थोरले भावजी, म्हणजे अक्काचे यजमान वसंतराव, त्या पोरांत होते. गोळीबार झाला. जी प्रेतं सापडली ती रझाकारांनी गाडीत घालून नेली, कुणाची ती घरच्यांना दाखवलीसुद्धा नाहीत. कुणी सांगे, वसंतरावाला डोहात पडताना पाहिलं. कुणी सांगे, पोहताना पाहिलं. पडला की पोहला, एवढ्यावरच आमचं सगळं घर अडून बसलं.

कारण अक्का हलायला तयार नव्हती. "ते जित्ते असतील आन् रातीबेराती घरी आले, तर दाराला कुलूप बघून कुठं जातील?" असं तिचं म्हणणं. आणि गेले असतील तर? "मग मी कुठंबी येते. मला काय, नदी काय आन् हीर काय." हे विहिरीचं बोलणं ऐकलं की आमचे सासरे मान खाली घालायचे. मामा तसे कडक, हणमंतराव म्हटलं की गावात आवाज खाली यायचा. पण पोरगा हरवल्यापासून ते स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वावरायचे.

चावडीवर रझाकारांचं ठाणं बसलं होतं. दर दोन-चार दिवसांनी त्यांचा जमादार ओसरीवर यायचा, पाणी मागायचा, आणि वसंतराव कुठं आहे ते विचारायचा. मामांनी सांगून टाकलं होतं, की पोरगा नाक्यावर मेला. जमादार मोठा अदबशीर. तो इकडचाच, हदगावच्या बाजारात वाढलेला. आमच्या चालीरीती त्याला आमच्याइतक्याच ठाऊक. तो म्हणायचा, "कैसा मरा सो है जी तुम्हारा बेटा? बहू के हाथ में तो चूड़ियां बजती हैं." आणि हसायचा.

तो गेल्यावर मामा अक्कासमोर येऊन उभे राहिले. सासऱ्याने सुनेशी असं बोलावं, ही वेळ कुणावर येऊ नये. "पोरी," ते म्हणाले, "कुंकू पुसून टाक. म्हंजे हे लोक यायचे बंद होतील. तो जित्ता असला तर येऊन परत लावील."

अक्काने डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "मामा, तुमी सांगितलं म्हणून पुसत न्हाई. त्यांनी सांगितलं तर पुसते."

"आगं, त्यानं कसं सांगावं?"

"येतात की रोज सपनात."

आणि ते खरं होतं. रोज यायचे. दुपारी जेवणं झाली की ती मागच्या बळदाच्या खोलीत, धान्याच्या कणग्यांच्या गारव्याला, जरा पडायची. डोळा लागला की भावजी हजर. आमच्याकडे म्हणतात, गेलेलं माणूस स्वप्नात खोटं बोलत नाही. जित्याचं काय सांगावं, जिता माणूस जागेपणीही खोटं बोलतो. तेव्हा सरळ विचारलं की झालं. पण विचारणार कोण? स्वप्नात गेली की बाईला विसरच पडायचा की आपला नवरा हरवलाय! तो यायचा, ताक मागायचा, ती द्यायची. तो विचारायचा, तांबड्या बैलाच्या खुराची पत्री पडली का, ही म्हणायची, हाव, आन् कडबाबी सरलाय. अशा घरगुती गप्पा. मग जाग यायची आणि ती कपाळावर हात मारून घ्यायची. "गोदा, पुन्यांदा विचारायचं राहिलं गं! समोर बसले होते आन् मी कडब्याचं बोलून राहिले!"

मी हसायची. मग ती रडायला लागली की मीही रडायची. आणि रडून झालं की मला संताप यायचा. माझ्या मांडीवर तान्हं पोर होतं. चंद्रप्पा गाडीवाला रोज सांगत होता, की आज वाट मोकळी आहे, उद्याचं सांगता येत नाही. आणि आम्ही खोळंबलो होतो कशापायी, तर एक बाई स्वप्नात नवऱ्याला एक प्रश्न विचारायचा विसरते म्हणून! तिला सोडून जावं, तर विहीर परसातच होती.

एके दुपारी मी बाळाला पाजता पाजता लवंडले. डोळा लागला. जाग आली तेव्हा अक्का माझ्याकडे टक लावून बघत बसलेली.

"गोदा, तू घोरत होतीस."

"मग?"

"आन् बाळ सरकलं तसा तुझा हात सरकला. त्याच्या डोक्याखाली बरोब्बर. तू झोपलीस का जागी होतीस?"

"झोपलेच होते," मी म्हटलं. "बाळंतिणीची झोप ती. सगळं अंग झोपतं, पर बाळाच्या बाजूचं जागं ऱ्हातं. न्हाईतर बाळ अंगाखाली यायचं की."

तिच्या अंगावर मूल नव्हतं. झालं होतं एक, सव्वा महिन्याचं होऊन गेलं. म्हणजे ती झोप तिलाही ठाऊक होती, फक्त विसरली होती. तिने बाळाच्या डोक्याखालचा माझा हात चाचपून पाहिला. मग म्हणाली, "मला तशीच झोपायला पायजे. बाळाच्या जागी सवाल घेऊन."

त्या दिवसापासून तिची तालीम सुरू झाली. उताणी पडायची, उजव्या हाताचं कोपर जमिनीवर टेकून पंजा वर उभा धरायची. झोप लागली की हात खाली यायचा, बांगड्या खळकन वाजायच्या, की जागी. पुन्हा हात उभा. आणि तोंडाने हळूहळू म्हणत राहायची, "मी झोपून राहिले, मी बघून राहिले. मी झोपून राहिले, मी बघून राहिले." मामा बाहेर तुळशीपाशी बसून हे ऐकायचे आणि मला विचारायचे, "हिला येड तर न्हाई लागलं?" मी काय सांगणार? वेडाला घरात पाणी देणारं माणूसही वेडंच असतं.

पण तिला जमायला लागलं. ती मला सगळं सांगायची, अगदी वरण कसं शिजवलं ते सांगावं तसं. आधी डोळ्यांपुढे नुसत्या ठिणग्या. त्यांच्या मागे लागायचं नाही. मग कुठूनतरी बोलणी ऐकू येतात, त्यांना उत्तर द्यायचं नाही. मग पाय घसरल्यासारखं होतं, तिथं घाबरायचं नाही. तिथं सवाल घट्ट धरायचा. आणि एकदम पाहावं तर आपण आपल्याच घरात उभ्या, आणि ठाऊक असतं की हे स्वप्न आहे.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा भावजी दारात उभे होते आणि तिला कळलं, की अगं, हे तर स्वप्न! त्या आनंदात ती धावली आणि धावताच सगळं फुटलं. जागी होऊन चडफडत बसली. "हलायचं न्हाई, गोदा," मला म्हणाली, जसं काही मीच हलले होते. "हललं की मोडतं. हरिख करायचा न्हाई. पडून ऱ्हायचं आन् ठणकावून विचारायचं."

दुसऱ्यांदा ती हलली नाही. तो पाठमोरा बसला होता. तिने हाक मारली, "अहो!" आणि वळला तो तिचा बाप, बारा वर्षांमागे वारलेला. पुन्हा "अहो" म्हटलं तर वळला आमच्या गावचा न्हावी. हे सांगताना तिला स्वतःलाच हसू फुटलं, मीही पोट धरून हसले. त्या उन्हाळ्यात आम्हा दोघींचं मिळून झालेलं ते शेवटचं हसणं.

"अहो म्हटलं की कुणीबी वळतंय गं," ती म्हणाली. "मला नाव घ्यायला पायजे."

मी चपापले. "नवऱ्याचं नाव?"

"सपनात काय होतंय? तिथं कोण ऐकतंय?"

तिने लग्नात घेतलं असेल तेवढंच, तेही उखाण्यात. एरवी वसंतपंचमीलाही ती 'ती पंचमी' म्हणायची. मी म्हटलं, "अक्का, नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी होतं म्हणतात." ती म्हणाली, "असेल तर कमी होईल. आधी हाय का ते तर कळू दे."

वैशाखातली ती दुपार. ऊन असं, की कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडलेली. अक्का बळदाच्या खोलीत होती. तिच्या पुटपुटण्याचा आवाज थांबला, म्हणजे डोळा लागला असावा. मी माजघरात बाळाला घेऊन बसले होते, तेवढ्यात ओसरीवर जमादार आला. बरोबर दोन बंदूकवाले. मामांनी घोंगडी टाकली. मी दाराआडून पाण्याचा तांब्या सरकवला.

जमादार पाणी प्यायला. मिशी पुसली. घरच्यासारखा टेकून बसला. "मालक," तो त्या दिवशी मराठीतच म्हणाला, "शेवटचं विचारतो. वसंतराव मेला का जिता हाय?"

"मेला," मामा म्हणाले.

"मेल्याचं सुतक न्हाई, दहावं न्हाई. आमी काय येडे हाव का?"

मागं परसात पाचोळा सरकल्यासारखा आवाज झाला, मला वाटलं मांजर. आणि मग आतून, बळदाच्या खोलीतून, अक्काचा आवाज आला. पुटपुटणं नव्हे. ठणठणीत, विहिरीवरून शेजारणीला हाक मारावी तसा.

"वसंतराव! खरं सांगा. तुमी जित्ते हैत का गेलेत?"

माझ्या हातातून तांब्याचं झाकण पडलं. पण मी घाबरले नव्हते. मला वाटलं, साधलं हिला! आज धरलंच स्वप्न. आणि बाहेरच्यांना सांगायला मामा होतेच. ते लगेच म्हणाले, "सून हाय थोरली. डोक्यावर परिणाम झालाय. झोपेत बरळती."

जमादार हसला नाही. तो हळूच उठला. "तुमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेती का, मालक?"

"झोपेत घेती."

"हाव. झोपेत घेत आसंल," जमादार म्हणाला. आणि पाणी देणाऱ्या हाताला नमस्कार करावा तसा क्षणभर उभा राहिला. तो कदाचित गेलाही असता. मी अजून तेच धरून बसते, की तो गेला असता. पण आतून एका पुरुषाचा आवाज आला. अगदी हलका. शब्द एकच.

"येतो."

मग परसदाराची कडी वाजली.

ते तिघे माजघरातून धावले. बाळ दचकून रडायला लागलं, मी त्याला छातीशी धरून भिंतीला चिकटले. मामा मध्ये आडवे आले, त्यांना एकाने बंदुकीच्या दस्त्याने बाजूला केलं. परसातून, विहिरीवरून, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांतून नदीकडे धावण्याचे आवाज लांब गेले. काही वेळ नुसतं ऊन. मग नदीकडून बार झाला. आणखी एक झाला. मग काहीच नाही.

मी आत गेले तेव्हा अक्का उताणी पडली होती. डोळे मिटलेले, हात अंगालगत सरळ. स्वतःला शिकवल्याप्रमाणे जरासुद्धा हलली नव्हती. मी तिच्यापाशी बसले तेव्हा तिने डोळे उघडले. असं सुख मी तिच्या तोंडावर लग्नातही पाहिलं नव्हतं.

"गोदा," ती म्हणाली, "विचारलं."

मी रडतं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आले, माझ्यापाशी बसले. खांद्याला हात लावला. म्हणले, सौदा, ऊठ, आवाज करू नको, चल माझ्यासंगं. मी हललेच न्हाई! म्हटलं आता मोडू द्यायचं न्हाई. हात वला लागला गं, नदीच्या पाण्याचा. मला वाटलं, किती खरं सपान पडलं आज. ते पुन्यांदा म्हणले, ऊठ. मी म्हटलं, आधी विचारते. आन् नाव घेऊन विचारलं." ती हसली. "नाव घेतलं तसं त्यांचं तोंड कसं झालं बघायला पायजे होतं. माझ्या तोंडावर हात ठेवाया लागले. मग म्हणले, येतो."

ती उठून बसली. "येतो म्हणले, गोदा. म्हंजे जित्ते हैत."

आपल्याकडे निघालेलं माणूस कधी 'जातो' म्हणत नाही. तिरडीवर पडेपर्यंत 'येतो'च म्हणतं. पण हे मी तिला कशाला सांगू? तिच्या दंडावर चोळीची बाही ओली होती. जमिनीवर, सारवणावर, दारापासून तिच्या अंथरुणापर्यंत वाळू आणि पाण्याचे पाय उमटले होते, उन्हाने वाळतही आले होते. मी त्यांच्यावर पदर टाकून बसावं म्हणून सरकले. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्यामागे बघत होती. परसदार सताड उघडं होतं, आणि बाहेर मामा जमिनीवर बसून स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी बडवत होते. आवाज न करता.

तिने पायांच्या खुणा पाहिल्या. बोट लावून पाहिलं. बोटाला लागलेली वाळू दुसऱ्या बोटाने चोळली.

"गोदा," ती म्हणाली, "आता मी जागी हाय का?"

"हाव," मी म्हटलं.

"आन् मघा?"

काहीतरी खोटं सुचावं म्हणून मी देवाचा धावा केला. एरवी माझी जीभ कशी तुरुतुरु चालते! पण त्या वेळी काही म्हणजे काही सुचलं नाही. बाळ रडत होतं. मी त्याला थोपटत राहिले आणि म्हटलं, "मघाबी जागीच होतीस, अक्का."

ती ओरडली नाही. विहिरीकडेही गेली नाही, मी दार अडवून बसले होते पण तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने फक्त स्वतःचे दोन्ही ओठ चिमटीत धरले, आपण पोराचं तोंड धरतो तसे, आणि संध्याकाळपर्यंत सोडले नाहीत.

प्रेत त्यांनी दिलं नाही. त्याच आठवड्यात चंद्रप्पाने आम्हाला पलीकडे नेलं. आता अडायला काही उरलंच नव्हतं. उमरखेडला गेल्यावर यजमानांनी सांगितलं तेव्हा उरलेलं कळलं. भावजींच्या मांडीत गोळी होती. पुसदकडच्या डोंगरात एका तांड्यावर ते दोन महिने पडून होते. चालता येऊ लागलं तसे लंगडत उमरखेडला आले. तिथं त्यांना कळलं, की बायको गाव सोडत नाही. यजमान म्हणाले, निरोप धाडू. भावजी म्हणाले, "निरोपानं तिला खरं वाटणार न्हाई. मी समोर दिसलो तर वाटंल." आणि भर दुपारी डोहाच्या बाजूने नदीत उतरले, कारण दुपारी गाव झोपलेलं असतं.

पुढे भाद्रपदात फौज आली, निजामाचं राज्य गेलं, लोकांनी गावोगाव झेंडे लावले. आम्ही परतलो. अक्का माझ्याजवळ राहिली, माझी पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. बोलायची, कामाला वाघीण, कधीमधी चेष्टाही करायची. झोप तिलाही यायची, माणूस आहे, येणारच. पण आडवी होण्याआधी ती पदराचं टोक घेऊन त्याचा बोळा करायची, आणि तोंडात घट्ट कोंबून मग डोळे मिटायची. मरेपर्यंत तशीच झोपली. पोरं विचारायची, मोठी आई असं का करते? मी सांगायची, दात दुखतात तिचे.